गळा आमचा, गल्ला त्यांचा

प्रल्हाद शिंदे आपला की त्यांचा?

हा प्रश्न मी काढलेला नाही. आपल्यातलीच पोरं काढतात. अभ्यासवर्ग संपला, चहा आला, की आंबेडकरी गायकांची यादी सुरू होते. वामनदादा कर्डक? हो. विठ्ठल उमप? हो, २०१० साली दीक्षाभूमीच्या मंचावर जयभीम म्हणत गेलेला माणूस. विलास घोगरे? त्याचं नाव तर उभं राहून घ्यायचं. १९९७ साली रमाबाईनगरात पोलिसांनी दहा माणसं मारली आणि चार दिवसांनी या शाहिरानं घरात गळफास घेतला. आणि मग कुणीतरी प्रल्हाद शिंदेंचं नाव घेतो. लगेच एखादा नुकताच बी. ए. झालेला मित्र हात वर करतो. ‘तो कसला आपला? त्यानं सत्यनारायणाची कथा गायली. पंढरीची वाट गायली. अंबाबाईचा उदो उदो केला. बाबासाहेबांनी घराबाहेर काढलेले देव यानं टेपमधून परत घरात घुसवले. काटा नाव.’

नाव कटतं. चहा संपतो. क्रांती पुढच्या रविवारपर्यंत तहकूब.

मित्रांनो, मला तुमच्याशी भांडायचंय. मी मॅट्रिक. पोट गोदीवर, रात्री कविता. गाव नगर जिल्ह्यात. सरकारनं त्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर केलं, गावकुसाबाहेरच्या वस्त्या होत्या तिथंच राहिल्या. बावीस प्रतिज्ञा मलाही पाठ आहेत. माझ्या खोलीत सत्यनारायण होत नाही आणि होणारही नाही. तरी मी म्हणतो, प्रल्हाद शिंदेंचं नाव काटायचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, कुणालाच नाही. का नाही, ते ऐका. मग वाटलं तर मलाही काटा.

आधी माणूस बघा, मग यादी करा.

प्रल्हाद शिंदेंचा जन्म १९३३ चा. आईबापाबरोबर भजन-कीर्तनात गात वाढलेलं गरिबाचं पोर. आता जरा बोटं मोडून हिशोब करा. पंढरपूरच्या विठोबाचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं १९४७ साली. तेही सुखासुखी नाही. साने गुरुजींना त्यासाठी मे महिन्याच्या उन्हात उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे हे पोर चौदा वर्षांचं होईस्तोवर ज्या देवाची गाणी त्याच्या घरात गायली जात होती, त्या देवाच्या उंबऱ्यावर त्याच्या जातीला पाय ठेवायची मनाई होती. चौदाव्या शतकात चोखामेळा बाहेर उभा राहिला, मेल्यावर त्याची समाधीही देवळाच्या दारासमोर. सहाशे वर्षं आपली माणसं त्या भिंतीच्या बाहेरून गात होती. भिंतीबाहेरून आत ऐकू जायचं तर आवाज कसा लागतो? प्रल्हाद शिंदेंसारखा लागतो.

आणि गंमत बघा. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ – शब्द दत्ता पाटलांचे, संगीत मधुकर पाठकांचं, गळा प्रल्हाद शिंदेंचा. आषाढी आली की हे गाणं सदाशिव पेठेत वाजतं, वाड्यावर वाजतं, पाटलाच्या ट्रॅक्टरवर वाजतं. ज्याच्या आज्ज्याला देवळाची पायरी बंद होती त्याच्या आवाजाशिवाय आज यांची वारी पुरी होत नाही. याला तुम्ही शरणागती म्हणता. मी म्हणतो, नीट बघा, कोण कुणाच्या दारात उभं आहे.

हा आवाज गादीवर बसून, तंबोरा लावून, शाल सावरत गाणारा नव्हे. हा मैदानातला आवाज. कव्वालीत तापलेला. ज्यांनी कव्वालीचे मुकाबले पाहिले त्या म्हाताऱ्यांना विचारा. दोन पार्ट्या समोरासमोर. हार्मोनियम, ढोलकी, मागं टाळ्या देणारा कोरस. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जागच्या जागी जवाब द्यायचा. भोंग्याचा आवाज चिरका, समोर हजारो माणसं, निम्मी गिरणीतली पाळी संपवून आलेली, पेंगुळलेली. त्यांना पहाटेपर्यंत जागं ठेवायचं तर गळा पोलादी पाहिजे. त्या गळ्यानं आपल्याला भीम दिला. वामनदादांची गाणी त्या गळ्यातून वस्तीवस्तीत गेली. ज्या बाईला अक्षर ओळख नव्हती, जिनं बाबासाहेबांचं एक पुस्तक हातात धरलं नव्हतं, तिला महाडचं तळं आणि काळारामाचं देऊळ या गाणाऱ्यांनी सांगितलं. आपल्या अभ्यासवर्गानं नव्हे. आपले अभ्यासवर्ग तेव्हा जन्मलेही नव्हते.

मग सत्यनारायण कुठून आला?

बाजारातून आला. एवढं साधं आहे. भीमगीताला हंगाम असतो. १४ एप्रिलला सुरू होतो, बुद्धपौर्णिमा धरून पावसापर्यंत रेटतो. पुढं ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन, डिसेंबरात चैत्यभूमी. मधल्या महिन्यांत गाणाऱ्याच्या घरात चूल पेटायची कशी? त्याच्या ढोलकीवाल्याच्या घरात? कोरसमधल्या चार पोरांच्या घरात? देवाच्या गाण्याला मात्र बारमाही गिऱ्हाईक. गणपती, नवरात्र, वारी, पूजा. आधी तबकड्या, मग ऐंशीच्या दशकात कॅसेटी. कंपनीवाला हिशोबाचा पक्का. त्याला दिसलं, हा गळा विकतो. त्यानं भीमही विकला आणि विठोबाही विकला. त्याचा धर्म गल्ला. शब्द कुणाचे घ्यायचे, कव्हरवर फोटो कुणाचा छापायचा, किती प्रती काढायच्या, हे कंपनी ठरवणार. गाणाऱ्यानं यायचं, माईकसमोर गायचं, सही करायची, ठरले तेवढे पैसे घ्यायचे आणि जायचं. लोकगीतं गाणाऱ्यांच्या बाबतीत बाजाराचा रिवाज तो. एकदा मोल घेतलं की गाणं मालकाचं. मग ते वीस वर्षं वाजो की शंभर.

हा रिवाज मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. मी गोदीवर रोज जगतो. जहाजातून माल निघतो तेव्हा मुकादम मला विचारत नाही, की बाबा, ही गोण तुझ्या तत्त्वात बसते का? सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा माझ्या पाठीवरून गेला असेल, साखर गेली असेल. म्हणून मी भटजी झालो काय? मालाची किंमत लाखात, माझी मजुरी पाळीवर. गाणाऱ्याचा गळा ही त्याची पाठ आहे. त्यानं ती भाड्यानं दिली. भाड्यानं देणाऱ्याला गद्दार म्हणायचं आणि भाड्यानं घेणाऱ्याचं नावही काढायचं नाही, हा कुठला मार्क्स आणि कुठला आंबेडकर?

आता तुम्ही म्हणाल, गोणी बोलत नाही, गाणं बोलतं. गोणी उतरवून झाली की संपली. गाणं घरात राहतं, पोरांच्या कानात बसतं, आणि आईनं फेकून दिलेला देव्हारा सुनेच्या हातून परत मांडतं.

बरोबर आहे. हा मुद्दा खरा आहे, मी तो झटकणार नाही. गाण्यानं देव घरात येतो, तसा बुद्धही गाण्यानंच येतो. म्हणून माझं म्हणणं असं, की सत्यनारायणाचं गाणं आपल्या घरात लावू नका. आपल्या लग्नात, आपल्या बारशात लागलं तर उठून बंद करा. बायाबापड्यांशी वाद घाला. गाण्याशी भांडण आहेच. पण गाणाऱ्याला हाकलू नका. गाण्याला नकार देणं म्हणजे विचार. ज्यानं पोटासाठी ते गायलं त्याला जातपंचायतीसारखं वाळीत टाकणं म्हणजे आपण सोडून आलेला सोवळेपणा. उंबऱ्यावर बसून कोण शुद्ध, कोण बाटला हे ठरवायचं काम मनूनं केलं. ते आपण पुढं चालवायचं का?

बरं, जो एका शब्दानंही बाटला नाही त्याला आपण काय दिलं ते बघू. वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, आमच्या संगमनेर-अकोल्याच्या शेजारचा मुलूख. पोटासाठी मुंबई, गिरणीची मजुरी. अक्षरं शिकला मोठेपणी. १९४३ साली पहिलं गाणं केलं आणि त्यानंतर साठ वर्षं हा माणूस दुसरं काही बोललाच नाही. हजारोंनी गाणी. पिशवी खांद्यावर, गाव ते गाव, जलसा ते जलसा. ‘वाटचाल’ हा संग्रह यायला १९७३ उजाडलं. गाणाऱ्या सगळ्यांनी त्याची गाणी उचलली, कॅसेटवाल्यांनी विकली. कायद्यानं शिक्का दिला नाही म्हणून पठ्ठ्यानं संतांची जुनी युक्ती वापरली: शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव विणून टाकलं. चोर गाणं नेईल, पण ‘वामन’ म्हटल्याशिवाय त्याला गाणं पुरं करता येणार नाही. गरिबाचा कॉपीराइट तो हाच.

वामनदादा गेले १५ मे २००४ ला. प्रल्हाद शिंदे गेले २३ जून २००४ ला. चाळीस दिवसही झाले नाहीत. एकानं देवाचं एक अक्षर गायलं नाही, दुसऱ्यानं दोन्ही गायलं. आपण एकाला हार घातला, दुसऱ्याला काटलं. पण दोघांच्या गाण्याचा पैसा गेला एकाच दिशेला. तो आपल्या दिशेला नाही आला. हे ज्याला दिसत नाही त्यानं क्रांतीच्या गप्पा बंद कराव्यात.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं समजू नका. जमैका नावाचं बेट आहे. आमच्या नगर जिल्ह्यासारखाच उसाचा मुलूख. गोऱ्यांनी आफ्रिकेतून माणसं साखळदंडानं बांधून आणली आणि उसाच्या मळ्यात जुंपली. त्यांची नातवंडं-पणतवंडं किंग्स्टनच्या झोपडपट्ट्यांत राहिली. तिथल्या रेडिओवर साहेबी गाणी. गरिबाचं गाणं लागेना. मग त्यांनी काय केलं? कपाटाएवढाले स्पीकरचे खोके बांधले, रस्त्यावर रचले, आणि वस्तीच्या वस्ती नाचवली. त्यातून सत्तरीच्या शेवटी जे संगीत पुढं आलं त्याला डान्सहॉल म्हणतात. ठेका तयार, त्यावर माईक धरून माणूस तिथल्या तिथं शब्द फेकतो. एकच ठेका, त्यावर शेकडो जणांची गाणी. आपल्याकडं सिनेमाची चाल घेऊन तिच्यावर भीमाचे शब्द बसवतात आणि पांढरपेशे नाक मुरडतात, ‘चोरलेली चाल’ म्हणून. तेच हे. ज्याच्याकडं वाजंत्री ठेवायला पैसा नाही तो चाल उसनी घेतो आणि शब्द स्वतःचे ठेवतो.

या डान्सहॉलचा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा राजा कोण? यलोमन. काळ्या लोकांत जन्मलेला, पण अंगाला रंगच नसलेला, पांढराफटक. अनाथाश्रमांत वाढला. लोक त्याच्या कातडीला हसायचे, त्यानं तीच शिवी नाव म्हणून लावली – पिवळा माणूस – आणि तिच्या जोरावर अमेरिकेच्या बड्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत गेला. आपल्याला हे नवं नाही. ‘दलित’ या शब्दाचं आपण दुसरं काय केलं? पण त्याच किंग्स्टनमध्ये शेकडो गाणारे एका गाण्याचे एकदाच पैसे घेऊन घरी गेले आणि निर्मात्यांनी ती गाणी वर्षानुवर्षं विकली. १९९७ साली तिथं आवाजबंदीचा कायदा आला, आणि तिथल्या वस्त्या तेव्हापासून विचारतात, हा कायदा आमच्याच खोक्यांना का आठवतो? गळा काळा, गल्ला दुसऱ्याचा. समुद्र वेगळा, हिशोब तोच.

आता परत नगरच्या रस्त्यावर या. दरवर्षी त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते. सिन्नर, राहुरी, नगर, करमाळा करत पंढरपूरला जाते. या रस्त्यावर उभे राहा. पाण्याच्या टँकरवर, चहाच्या टपरीवर, दिंडीमागच्या टेम्पोवर, एकच आवाज. प्रल्हाद शिंदे. कुणी म्हणत नाही, बंद कर, हा महाराचा आवाज आहे. डोळे मिटून ऐकतात. माउली म्हणतात.

याच जिल्ह्यात शिर्डी आहे. १६ मे २०१५. नर्सिंग शिकणारा विशीतला आपला एक पोरगा लग्नाला आला होता. खिशातला मोबाइल वाजला. रिंगटोन भीमगीताची. बंद कर म्हणून वाद झाला. पोरगा जीवानिशी गेला. पोलिसांत नोंदलं गेलेलं कारण हे: रिंगटोन. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१४ त, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला शाळेत शिकणारं पोरगं मारलं गेलं, आणि २०१७ साली सगळे आरोपी सुटले. त्या जिल्ह्यात हे नवं नाही. पण रिंगटोनसाठी? कडव्याची दोन मिनिटंही नाहीत, मोबाइलवर वाजतात ते मोजून काही सेकंद. तेवढा भीम त्यांना सोसवेना.

मित्रांनो, हा खरा प्रश्न आहे. आवाजाला जात नसते, कलेला जात नसते, असं जे साहित्य संमेलनात सांगतात त्यांना या रस्त्यावर आणा. आवाज तोच, वस्ती तीच, ढोलकी तीच. त्यात विठोबा असला की तो महाराष्ट्राचा ठेवा. त्यात भीम असला की ‘यांचा गोंगाट’, आणि वेळ आली तर मुडदा. जात गळ्याला नाही, गाण्यात कुणाचं नाव आहे त्यावर ठरते. त्यांनी प्रल्हाद शिंदेंचे दोन तुकडे केले: विठोबा गाणारा ठेवून घेतला, भीम गाणारा फेकून दिला. आणि आपण? आपण तोच खेळ उलटा खेळतो. अर्धा माणूस त्यांनी फेकला, अर्धा आपण. मग अख्खा प्रल्हाद शिंदे कुणाचा?

मी म्हणतो, अख्खा आपला. त्याच्या विठोबासकट नव्हे, त्याच्या भुकेसकट.

आता पुढचं. घराणं थांबलेलं नाही. आनंद आणि मिलिंद या मुलांनी कॅसेटीचा जमाना गाजवला, ‘नवीन पोपट’ गल्लोगल्ली वाजला. नातू आदर्श सिनेमात गातो. बाबासाहेबांवरची मालिका २०१९ साली टीव्हीवर आली तिचं शीर्षकगीत त्याच्या आवाजात घराघरांत गेलं. हे तीन पिढ्यांनी गळ्यावर कमावलं, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. पण एका घराण्याचं नाव झालं म्हणून आपला हिशोब मिटत नाही. नाव नसलेले शेकडो आहेत. मागच्या एका जयंतीला आमच्या तालुक्यात मी होतो. गायन पार्टी दुपारपासून बसलेली, उपाशी. पुढारी येणार, येणार. साडेआठला आले, सव्वानऊपर्यंत बोलले. पार्टी माईकवर गेली, दोन गाणी झाली नि दहाला पोलिसांनी आवाज बंद केला. समितीनं म्हाताऱ्या शाहिराला ठरल्यातले निम्मे दिले. ‘दोनच तर गाणी म्हणलीस, दादा.’ आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीला मात्र रोख आगाऊ. शाहीर काही बोलला नाही. पेटी उचलली नि एसटी स्टँडकडं गेला.

कंपनीवाला परका होता. ही समिती तर आपली होती ना?

मला डीजेचं वावडं नाही. नाचायला मलाही येतं. वर्षभर मान खाली घालून राबणारा एक दिवस छाती हलेल एवढ्या आवाजात नाचला तर कुणाच्या बापाचं काय जातं? पण भिंत एवढी मोठी झाली की शब्दच ऐकू येईनात, तर ती भीमजयंती कशी? मग तिच्यात आणि बाकीच्यांच्या मिरवणुकीत फरक काय राहिला? जलसा होता तेव्हा शब्दासाठी माणसं रात्र रात्र बसायची. शब्द गेला की उरतो तो ठेका, आणि ठेका कुणालाही विकता येतो.

तर यादी काटायचं काम सोडा, ही कामं धरा.

एक. कायदा वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीत आला, आणि रॉयल्टीचा हक्क स्पष्ट झाला २०१२ च्या दुरुस्तीत. प्रल्हाद शिंदे जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. गायकांच्या हक्काची संस्था २०१३ साली उभी राहिली. आपल्या तालुक्यातल्या किती गाणाऱ्यांना हे ठाऊक आहे? आपल्यात वकील झालेत ना? की ते फक्त स्टेटसला निळा झेंडा लावायला?

दोन. जयंतीच्या बॅनरवर पुढाऱ्यांचे चाळीस फोटो असतात. त्यातले दहा काढा आणि गाणाराचं, लिहिणाराचं, ढोलकीवाल्याचं नाव टाका. पैसे आधी द्या. पुरे द्या.

तीन. ज्यांनी जलसे पाहिले ते म्हातारे मरताहेत. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. घरी जा, बसा, त्यांचं गाणं भरून घ्या. लिहिणाऱ्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, साल, गाव – सगळं लिहून ठेवा. वामनदादांनी शेवटच्या कडव्यात नाव विणलं. ज्यांनी नाही विणलं त्यांची नावं आपण विणायची.

चार. रिंगटोन बदलू नका. शिर्डीनंतर काही आयांनी पोरांना सांगितलं, बाहेर जाताना ते गाणं काढ बाबा. आईचं काळीज आहे, तिला दोष नाही. पण जिथं एका पोराला एकट्यानं ते गाणं वाजवायला भीती वाटते तिथं शंभर जणांनी मिळून जायचं असतं. चळवळ म्हणजे दुसरं काय?

आणि त्या बी. ए. झालेल्या मित्राला शेवटचं. गड्या, तू नाव काटलंस त्या रात्री तुझ्या आईला विचार, तिला पहिलं भीमगीत कुणाच्या आवाजात ऐकलेलं आठवतं. ती जे नाव घेईल ते तुझ्या यादीत आधी लिही. मग आपण बसू, सत्यनारायणावर भांडू. ते भांडण मला हवंच आहे.

जयभीम.